तीन नंबरात काय भरलंय?

सांगलीत बहिणीच्या लेकीचं बारसं उरकून संयोगिता सकाळच्या गाडीनं कराडला उतरली. आधी घरी जावं, अंघोळ करावी आणि मग डेपोवर जावं असं तिच्या मनात होतं. पण मलकापूरच्या नाक्यावर रिक्षा थांबली तेव्हा तिनं विचार बदलला.

"दादा, आधी डेपोलाच घ्या."

डेपो ढेबेवाडी रस्त्याला होता. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. ऊस आणि आलं करणारे लोक आता ठिबकमधून पातळ खत सोडायला लागले होते, म्हणून कंपनीनं तिथं द्रवरूप खताच्या चार मोठ्या टाक्या बसवल्या होत्या. संयोगिताचे सासरे लालासाहेब, घरातले आबा, हे कंपनीचे अध्यक्ष. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. नवरा अजून फौजेत, जम्मूकडं. संयोगितानं शेतकीची पदवी घेतलेली, त्यामुळं डेपोचा सगळा कारभार तिच्याकडं आला होता. टँकर आला की तो रिकामा करून घ्यायचं काम तिच्या दिराकडं, धैर्यशीलकडं असायचं.

ऑफिस उघडून तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि सवयीनं नोंदवही पुढं ओढली. कृषी खात्याच्या परवान्याबरोबर हे काम आलं होतं. कुठल्या टाकीत काय आहे, किती आहे, काय आलं, काय गेलं, हे रोज लिहायचं. शिवाय टाक्यांभोवती गुडघाभर उंचीचा सिमेंटचा कट्टा बांधला होता. टाकी गळालीच तर माल त्या कट्ट्याच्या आत साठावा, बाहेर रानात जाऊ नये, यासाठी. कट्ट्याला तळाशी एक कॉक होता. पावसाचं पाणी साठलं तर ते सोडून द्यायला. तो कॉक बंद आहे का, हेही रोज बघून लिहायचं आणि सही करायची.

कालची ओळ कोरी होती.

तिला रागच आला. जाताना तिनं धैर्यशीलला दोनदा सांगितलं होतं. हा मुलगा मनानं वाईट नव्हता. टँकरखाली झोपून नट आवळायला सांगितलं तर चिखलात झोपायचा. पण लिहायचं म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या यायच्या. "वैनी, टाकी डोळ्यासमोर हाय की. रोज रोज तिचं नाव काय लिवायचं?" असं तो म्हणायचा. आज सकाळी तो लालासाहेबांना घेऊन साताऱ्याला गेला होता, माजी सैनिकांच्या दवाखान्यात. आल्यावर बघू त्याच्याकडं, असं म्हणत ती पेन शोधायला लागली, आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"ताई! आवं ताई! बाहीर या जरा!"

आकाराम होता. कवठे महांकाळकडचा मेंढपाळ. ऊस तुटून रानं मोकळी झाली की तो दरवर्षी मेंढरं घेऊन या बाजूला यायचा. लोक त्याची मेंढरं आपापल्या रानात बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. यंदा लालासाहेबांनी डेपोमागचं रान त्याला दिलं होतं. तो आणि त्याची बायको हरणाबाई, दोघांनी तिथं बिऱ्हाड टाकलं होतं. एरवी हा माणूस सावकाश बोलणारा, सावकाश चालणारा. आता त्याचा पटका सुटून गळ्यात आला होता.

"मेंढरं कशी तर कराय लागल्यात," तो म्हणाला. "झोकांड्या खात्यात. एक तर पडली बी. चरातलं पाणी प्याली, तवापास्नं."

"कुठल्या चरातलं?"

"ह्यो की. तुमच्या टाक्यांच्या मागचा."

संयोगिता पळतच टाक्यांकडं गेली. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता, तो सांगलीतही तिनं बघितला होता. कट्ट्यात पाणी साठलेलं असणार हे तिला ठाऊक होतं. पण कट्ट्यात पावसाचं साठलेलं पाणी नव्हतंच. तीन नंबरच्या टाकीखाली पाइपाचा जोड होता, त्यातून बोटाएवढी धार गळत होती. ती कट्ट्यातून वाहत जाऊन कॉकमधून थेट बाहेरच्या चरात पडत होती. कॉक सताड उघडा होता.

तिनं आधी कॉक बंद केला. मग चपला तशाच भिजवत आत शिरून टाकीचा व्हॉल्व आवळला. धार थांबली.

"मेंढरं आता कुठं आहेत?"

"हरणीनं मागं वळवल्यात. पाण्यापास्नं लांब."

संयोगितानं पशुवैद्य वीरधवल यांना फोन लावला. ते उंडाळ्याला एका गाईचं बघायला गेले होते. तिनं धापा टाकतच सगळं सांगितलं.

"टाकीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

संयोगितानं वर बघितलं. टाकीवर तिच्याच हातानं रंगवलेली पाटी होती. "युरियाचं द्रावण."

"नक्की?"

"पाटी तीच आहे."

"नीट ऐका ताई. युरिया असेल तर अजिबात वेळ घालवू नका. व्हिनेगर आणा, पाण्यात मिसळा आणि एकेक मेंढी धरून पाजा. पण नायट्रेटचं खत असेल, तर त्यांना हातसुद्धा लावू नका. नायट्रेटनं रक्त प्राणवायू वाहायचं थांबवतं. अशा जनावराला धरलं, पळवलं, झटापट झाली, तर ते तिथंच मान टाकतं. मी दोन्हीची औषधं घेऊन निघतोय, पण मी पोचेपर्यंत काय करायचं ते तुमच्या टाकीवर आहे. लक्षणं दोन्हीत बरीच सारखी दिसतात. फोनवरून मला सांगता येणार नाही."

"युरियाच आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

आकारामनं सगळं ऐकलं होतं. "व्हिनेगर म्हंजी काय?"

"चायनीजच्या गाड्यावर असतंय ते आंबट पाणी. नाक्यावर मिळंल. माझं नाव सांगा, असतील तेवढ्या बाटल्या घ्या." तिनं फाटकापाशी थांबलेल्या रिक्षावाल्यालाच हाक मारली. तो अजून सुट्ट्या पैशांसाठी थांबला होता. आकाराम रिक्षात बसून गेला आणि ती रानाकडं निघाली.

चार पावलं गेली आणि थांबली. मनात काहीतरी टोचत होतं. ती मागं वळून टाकीकडं बघत राहिली. टाकीच्या अंगाला बाहेरून एक पारदर्शक नळी लावलेली होती, आत माल किती आहे ते तिच्यात दिसायचं. नळीतली पातळी अर्ध्याच्या वर होती. सांगलीला जायच्या आदल्या दिवशी तिनं स्वतः लिहिलं होतं, तीन नंबर जवळपास मोकळी. मग आता एवढं आलं कुठून?

म्हणजे मधे टँकर येऊन गेला होता. त्यात काय होतं? दोन्ही खतं बघायला पाण्यासारखीच. ज्या ओळीत ते लिहिलेलं असायला हवं होतं, ती ओळ कोरी.

तिनं धैर्यशीलला फोन लावला. रिंग वाजत राहिली, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. समोर रानात मेंढरं दिसत होती. काही उभी, काही खाली बसलेली, माना लांब करून तोंडानं श्वास घेणारी. त्यांच्या मधे हरणाबाई एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून वाकली होती. तिसऱ्यांदा लावल्यावर फोन उचलला गेला.

"हां वैनी. आबांचा नंबर आलाय, डॉक्टरांकडं आत—"

"धैर्यशील, तीन नंबरात काय भरलंय?"

पलीकडं दवाखान्यात कुणाचं तरी नाव पुकारलेलं तिला ऐकू आलं.

"पाटीवर हाय की," तो म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता.

"पाटी राहू दे. पाटी मला दिसतीय. तू काय भरलंस?"

"वैनी, काय झालंय का?"

"आकाराममामांची मेंढरं ते पाणी प्यालीत. युरिया असेल तर एक करायचं आणि नायट्रेट असेल तर बरोबर उलटं. चुकलं तर सगळी जातील. आबा शेजारी असतील, मला माहीत आहे. तरी सांग."

क्षणभर त्याचा नुसता श्वास ऐकू आला. मग तो मोठ्यानं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"कॅल्शियम नायट्रेट. काल टँकर आला. त्याची नेहमीची टाकी दोन नंबर, ती भरलेली. तीन मोकळी होती, म्हणून धुऊन तिच्यात घेतलं. पाटी बदलली न्हाई. लिवलं बी न्हाई. आज सकाळी लिवणार व्हतो." आणि न विचारता पुढं म्हणाला, "कट्ट्यात पावसाचं पाणी व्हतं, पाइप जोडाय अडचण हुईत हुती म्हणून कॉक उघडला. बंद केल्याचं आठवत न्हाई."

"बरं झालं बोललास," एवढंच म्हणून तिनं फोन कापला.

तोवर रिक्षा परत आली होती. आकाराम बाटल्या पोटाशी धरून बांधावरून उतरला, त्यानं पहिल्या बाटलीचं बूच दातानं काढलं आणि एका मोठ्या मेंढीला मानेला धरून दोन पायांत आवळलं. मेंढी धडपडायला लागली.

"सोडा! मामा, सोडा तिला!" संयोगिता ओरडत पळाली. ढेकळात पाय मुरगळला तरी थांबली नाही. "पाजू नका! हात लावू नका कुणाला!"

आकारामनं हात सैल केला. मेंढी दोन पावलं गेली, गुडघ्यांवर पडली आणि तशीच राहिली.

"आत्ताच तर पाजा म्हणालीस," तो म्हणाला. रागानं त्याचा 'तुमी' गळून पडला होता.

"मी चुकीचं सांगितलं. पाटी एक होती आणि आत दुसरंच भरलंय. त्याला हे औषध नाही चालत. आता त्यांना धरायचं नाही, हाकायचं नाही. डॉक्टर येईपर्यंत शांत ठेवायचं."

"म्हंजी मराय लागल्यात ती नुसती बघत बसू?"

आपण मघाशी तितक्याच ठामपणे युरिया म्हणालो होतो, आता यानं आपल्यावर का विश्वास ठेवावा, हे तिला कळत होतं. तिनं 'हो' म्हणून मान हलवली. आकारामनं हातातली बाटली बघितली, मेंढरांकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं.

हरणाबाई खाली बसली. मेंढरांच्या अगदी मधोमध, मातीत. आणि तिनं तोंडातल्या तोंडात एक आवाज सुरू केला. ना गाणं, ना हाक, जिभेनं काढलेला एक सलग, हलका आवाज. संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं गोळा करताना ती तसा आवाज काढायची. कळपाच्या कडेनं इकडंतिकडं निघालेली मेंढरं एकेक करून थांबली. दोन-चार जवळ येऊन बसली. कळपाचं कुत्रं भुंकणार एवढ्यात आकारामनं त्याला पटक्यानं बांधलं आणि लांब नेलं.

"बसा बाय खाली," हरणाबाई हळू आवाजात म्हणाली. "उभ्या माणसाला ती भित्यात."

संयोगिताही बसली. त्यानंतर ती जी वाट बघत राहिली, तशी वाट तिनं कधी बघितली नव्हती. करायला काहीच नव्हतं, आणि काही न करणं हेच काम होतं. तिच्या पुढ्यात एक म्हातारी मेंढी आडवी पडली होती, तिची कूस भरभर हलत होती. मग ती हलायची थांबली. हरणाबाईनं ते बघितलं. तिचा आवाज तेवढ्यापुरता अडखळला आणि पुन्हा सुरू झाला.

डॉक्टरांची गाडी रस्त्यावर दिसली तेव्हा आकाराम दोन्ही हात वर करून धावला. वीरधवल पेटी घेऊन बांधावरून आले. सगळ्यांत वाईट अवस्था असलेल्या मेंढीपाशी ते गुडघ्यावर बसले, तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि सुईनं थोडं रक्त काढलं. रक्त लाल नव्हतं. काकवीसारखं तांबूस काळं होतं.

"नायट्रेटच," ते म्हणाले. "काही पाजलंत का? पळवलंत?"

"न्हाई," आकाराम म्हणाला. "ताईनं हात लावू दिला न्हाई."

डॉक्टरांनी संयोगिताकडं बघितलं, मान डोलावली आणि कामाला लागले. गडद निळं औषध ते शिरेतून देत होते. एकीला झालं की दुसरीकडं. हरणाबाई त्यांच्याबरोबर सरकत होती, प्रत्येक मेंढीच्या कानाला हात लावून तिला स्थिर ठेवत होती. पहिली मेंढी तशीच पडून होती आणि संयोगिताची नजर सारखी तिच्याकडं जात होती.

मग त्या मेंढीनं मान उचलली. इकडंतिकडं बघितलं. पुढचे पाय रोवले, मागचे झटकले आणि ती उभी राहिली, थोडी झुलली, आणि एकदम खणखणीत ओरडली. कळपाच्या कडेला तिचं कोकरू होतं, ते पळत येऊन तिच्या पोटाखाली शिरलं.

आकाराम तिथंच खाली बसला. धोतराचा सोगा तोंडावर घेतला आणि त्याचे खांदे हलायला लागले. "मेंढरास्नी काय झालं असतं तर मी गावाकडं कुठल्या तोंडानं गेलो असतो गं," तो बायकोला म्हणत होता. हरणाबाईनं त्याच्या पाठीवर एक चापट मारली. "उटा. पाणी आना डॉक्टरास्नी. चांगलं पाणी, हापिसातल्या नळाचं."

दुपारपर्यंत बाकी सगळी उभी होती. एक म्हातारी मेंढी तेवढी गेली. आता संयोगिताला भूक लागल्याचं जाणवलं. हरणाबाईनं तिला भाकरी आणि लसणाची चटणी दिली आणि ती मातीत बसून, हात न धुता खात राहिली.

साताऱ्याहून लालासाहेब आणि धैर्यशील आले ते थेट रानात. लालासाहेब ताठ चालत होते, त्यांचा चेहरा फोटोत असावा तसा होता. मुलगा त्यांच्या दोन पावलं मागं. संयोगिता उठून उभी राहिली. आता मुलाला चारचौघांत झापतील असं तिला वाटलं. पण लालासाहेबांनी नुसतं बाजूला होऊन त्याला वाट दिली.

धैर्यशील आकारामसमोर गेला. "मामा, कॉक माझ्याच हातनं उघडा राहिला," तो म्हणाला. "पाटी बी मी बदलली न्हाई. तुमची मेंढी माझ्यापायी गेली."

आकारामनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुज्या वैनीनं फोनवर इचारलं तवा लगीच सांगितलंस व्हय?"

"लगीच न्हाई. जरा थांबलो."

"का रं?"

"भ्यालो. आबा शेजारी हुते."

आकाराम लालासाहेबांकडं बघून हसला. "मलाबी ह्यांचं भ्याच वाटतंय गड्या. पर सांगितलंस. न्हाईतर मी एकेकीला धरून धरून मारली असती." आणि त्यानं धैर्यशीलच्या दंडावर थोपटलं. लालासाहेबांनी दुसरीकडं तोंड फिरवलं आणि ते बराच वेळ खाकरत राहिले.

संध्याकाळी ऑफिसात धैर्यशीलनं नोंदवही उघडली आणि कोऱ्या ओळीत लिहायला पेन टेकवलं.

"तिथं नको," संयोगिता म्हणाली. "कालची ओळ कालच्या तारखेला आज भरायची नाही. ती कोरीच राहू दे. आजच्या तारखेला लिही. काल टँकर आला, नोंद राहिली, पाटी बदलली नाही, कॉक उघडा राहिला, माल बाहेर गेला. जसं झालं तसं."

"असं लिवलं तर परवाना ऱ्हाईल का वैनी?"

"माहीत नाही."

त्यानं लालासाहेबांकडं बघितलं. "लिही," ते म्हणाले. "आणि सकाळी कृषी अधिकाऱ्यांना फोन मी करणार. त्यांना दुसऱ्याकडनं कळायच्या आधी."

धैर्यशीलनं लिहिलं. त्याचं अक्षर वाईट होतं, पण त्यानं पान भरून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हरणाबाई फाटकावर हजर. तिचा आवाज ऐकून संयोगिता धावत बाहेर आली.

"बाय, मेंढरं निळं मुताय लागल्यात!"

संयोगितानं घाबरून डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आधी मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. "सांगायचं राहिलंच. औषधाचा रंग आहे तो. दोन दिवसांत जाईल. चरतायत का?"

"चरत्यात काय, शेजारच्या आल्याच्या रानात शिराय बघत्यात!" हरणाबाई फोनमध्ये ओरडली. मग तिलाही हसू फुटलं, आणि दोघी फाटकाला धरून पोट दुखेपर्यंत हसल्या.

कृषी खात्याचे निरीक्षक आले. त्यांनी टाकी बघितली, जोड बघितला, नोंद वाचली आणि दोनदा वाचली. जोड बदलेपर्यंत तीन नंबर वापरायची नाही, कट्ट्याच्या कॉकला कुलूप लावायचं आणि चरातली माती खरवडून काढायची, असं लेखी दिलं. परवाना राहिला. चराच्या खालच्या बाजूला एक विहीर होती, तिच्यावर चार घरं पाणी भरायची. तिथल्या पाण्याचा नमुना कराडला तपासायला दिला होता. त्याचा निकाल येईपर्यंत संयोगिताला नीट झोप लागली नाही. पाणी चांगलं आहे असा फोन आला, त्या दुपारी ती ऑफिसच्या खुर्चीतच झोपून गेली आणि लालासाहेबांनी कुणाला तिला उठवू दिलं नाही. मेलेल्या मेंढीची भरपाई कंपनीनं दिली. आकारामनं ती घेतली आणि पुढच्या वर्षीही हेच रान पाहिजे म्हणून सांगितलं.

आठवड्यानं कळप पुढच्या रानाला निघाला. घोड्यावर बिऱ्हाड, मागं कोकरं, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. धैर्यशील भर रस्त्यात उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून त्यानं ट्रॅक्टर अडवून धरले. मागून भोंगे वाजत होते. शेवटचं कोकरू पलीकडं जाईपर्यंत तो हलला नाही.